चार नंबरचा निरोगी माणूस

"हा तुझा निरोगी माणूस?" चौबळ मॅडमनी पेनाने पडद्याकडे खूण करत विचारलं.

"हो," मी म्हणाले.

"आणि रुग्ण कुठला?"

मी पुढचं चित्र लावलं. मॅडमनी चष्मा काढला, ओढणीने पुसला, परत चढवला. "मग यांच्यात फरक काय आहे?"

फरक काहीच नव्हता, आणि माझी दोन वर्षांची नोकरी त्या फरकावर उभी होती.

ही गोष्ट बारा वर्षांपूर्वीची. मी तेव्हा पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत पोस्टडॉक होते. पोस्टडॉक म्हणजे काय, हे मी घरी पुष्कळदा समजावलं होतं. पण आई शेजारणींना "हेमांगी अजून शिकतेच आहे" असंच सांगायची, आणि ते काही फार चुकीचं नव्हतं. पीएचडी झाल्यावर पक्की नोकरी लागेपर्यंत माणूस दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत जे काही करतो, ते मी चौबळ मॅडमच्या प्रयोगशाळेत करत होते.

आमचा विषय मायटोकॉन्ड्रिया. शाळेच्या पुस्तकात यांना तंतुकणिका म्हणतात आणि "पेशीचं ऊर्जाघर" असं लिहिलं की दोन मार्क मिळतात. ही ऊर्जाघरं बिघडली की माणसं आजारी पडतात. अशा एका आजाराच्या रुग्णांच्या त्वचेतून घेतलेल्या पेशी आम्ही काचेच्या बशांमध्ये वाढवायचो, रंगवायचो आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचो. तुलनेसाठी चार निरोगी माणसांच्या पेशीही होत्या. निरोगी पेशीत मायटोकॉन्ड्रिया लांब, एकमेकांत गुंतलेल्या धाग्यांसारख्या दिसतात. आजारी पेशीत त्यांचे तुकडे पडतात. माझ्या शेजारच्या टेबलावर काम करणारा इरफान तांबोळी हे विज्ञान दोन शब्दांत सांगायचा: शेवया आणि साबुदाणा.

"चार नंबर म्हणजे सरळसरळ साबुदाणा आहे," तो त्या सोमवारच्या बैठकीत म्हणाला. "भिजत घाला, उद्या खिचडी होईल."

"चार नंबरला काही झालेलं नाही," मी म्हणाले. "इनक्युबेटरचं तापमान वरखाली होतंय."

"मग एक, दोन आणि तीन नंबर त्याच इनक्युबेटरमध्ये कसे मजेत आहेत?"

"चार नंबर नाजूक आहे."

"काय राव, तू तर असं बोलतेस, जणू तो तुझा आतेभाऊच आहे."

आतेभाऊ नव्हता. चार नंबर मी होते.

झालं होतं असं, की निरोगी स्वयंसेवक मिळेनात. दंडातून डाळीएवढा कातडीचा तुकडा काढून द्यायचा म्हटलं की लोकांना अचानक कामं आठवायची. तीन मिळाले, चौथा मिळेना. मग विज्ञानासाठी आपणच पुढे व्हावं असं मला वाटलं. खरं तर विज्ञानापेक्षाही, इरफानने आधी पुढे होऊ नये असं वाटलं. संस्थेच्या नीतिमत्ता समितीची परवानगी होती. नावं गुप्त ठेवायची होती आणि ती फक्त रुग्णालयातल्या सिस्टरकडे असायची. पण त्या आठवड्यात दंड पुढे करणारी मी एकटीच, त्यामुळे चौथा क्रमांक कुणाचा हे मला पक्कं ठाऊक होतं. पुढचे पंधरा दिवस मी बाह्या दुमडून हिंडत होते, कुणीतरी दंडावरच्या पट्टीबद्दल विचारावं म्हणून. कुणी विचारलं नाही.

संमतीपत्रात शेवटी एक प्रश्न होता: तपासणीत तुमच्या प्रकृतीबद्दल काही आढळलं, तर तुम्हाला कळवावं का? मी "नाही"वर खूण केली. अशा बाबतीत माणसाने गंभीरपणे विचार करावा, असं मी स्वतः विद्यार्थ्यांना सांगते. माझं लक्ष कँटीनकडे होतं. गुरुवारी तिथे मिसळ असते आणि ती दीडला संपते.

तर आता ही माझी लाडकी चार नंबरची बशी माझाच पेपर बुडवायला निघाली होती. पुढचा दीड महिना मी तिची जी सेवा केली, तशी कुणा जावयाचीही होत नसेल. पेशींचं खाद्य बदललं. परदेशी खाद्य मागवलं. इनक्युबेटर धुतला, पुसला, शेवटी बदलून घेतला. प्रयोगशाळेत नव्यानेच आलेल्या कोवळ्या पोराला दोष दिला, त्याने हातमोजे नीट घातले नसतील म्हणून. एकदा तर इरफानने मला बशीशी बोलताना पकडलं.

"काय म्हणतेस त्यांना?"

"काही नाही. जरा ताठ बसा म्हणते."

पेशी ताठ बसल्या नाहीत. ऑक्सिजन किती वापरतात ते मोजलं, तर तिथेही चार नंबर रुग्णांच्या रांगेत, फार तर रांगेच्या शेवटी. शेवटी मॅडम म्हणाल्या, "पुरे झालं. त्याचा जनुकक्रम तपासायला पाठव. काय आहे ते कळेल."

मी खुशीत पाठवला. माझी खात्री होती, की अहवाल निर्दोष येणार आणि मग मी सगळ्यांना ऐकवणार.

अहवाल मॅडमकडे गेला. पुढच्या सोमवारी त्यांनी तो स्वतःच वाचून दाखवला. आमच्या रुग्णांमध्ये जो बिघाड होता, नेमका तोच बिघाड चार नंबरमध्येही होता. प्रमाण कमी, पण बिघाड तोच.

मग इरफान म्हणाला, "म्हणजे बाहेर एक माणूस हिंडतोय, ज्याला वाटतंय आपण ठणठणीत आहोत."

माझ्या हातात चहाचा कप होता. तो मी टेबलावर ठेवला.

"त्याला कळवायला पाहिजे," इरफान म्हणाला.

"त्यानेच कळवू नका म्हणून लिहून दिलंय," मॅडम म्हणाल्या. "आपल्याला अधिकार नाही."

"मॅडम, पण हे काय साधं पडसं आहे का? कान जातील, साखर होईल, हृदयाला त्रास होऊ शकतो. वेळेवर कळलं तर निदान जपेल तरी. बहीण-भाऊ असतील, त्यांचं काय?"

"'नाही' म्हणण्याचाही हक्क असतो, इरफान. हेमांगी, तुझं काय मत?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी घसा खाकरला आणि अत्यंत शास्त्रीय आवाजात म्हणाले, "स्वयंसेवकाच्या निर्णयाचा आदर व्हायला हवा. त्याने पूर्ण विचार करूनच तो घेतला असणार."

"कशावरून?" इरफान तावातावाने म्हणाला. "माणसं काय वाचतात का ते? असेल कुणीतरी वेंधळा, केली असेल खूण कुठेही!"

"वेंधळा म्हणायचं कारण नाही," मी म्हणाले.

"आणि उद्या त्याला मुलं झाली तर?"

"पुरुषाकडून हा आजार मुलांना जात नाही. तुला एवढंही माहीत नाही?"

"आणि बाई असली तर?"

माझं लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं. मंदार आणि मी नुकतेच मुलाचा विचार करायला लागलो होतो. इतकंच नव्हे, तर पाळण्याचा रंग कोणता यावर आमचं एक भांडणही होऊन गेलं होतं.

बैठक संपली. मॅडमनी मला मागे थांबवलं. त्या कागद आवरत होत्या, माझ्याकडे बघत नव्हत्या.

"खूण बदलता येते," त्या म्हणाल्या. "कधीही. समजा, तो स्वयंसेवक तुझ्या ओळखीचा निघाला, तर त्याला एवढं सांग. आणि सांग, की माझ्या ओळखीच्या एक चांगल्या डॉक्टर आहेत, त्या घाईगडबड न करता सगळं समजावून सांगतात."

"सांगते," मी म्हणाले.

"आणि हेमांगी, आज घरी जा. बशा मी बघेन."

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं, की या बाईला बशाही सांभाळता येतात.

मी घरी गेले नाही. संस्थेच्या मागच्या बागेतल्या बाकावर बसून राहिले. भीती वाटायला हवी होती. पण मला आधी आठवलं ते महिन्याभरापूर्वी डॉक्टरांसमोर दिलेलं माझं व्याख्यान. त्यात मी रुबाबात सांगितलं होतं, की हा आजार ओळखायला अवघड नाही, फक्त नजर हवी. बांधा लहान. चाळिशीत ऐकू कमी येऊ लागतं. मधुमेह, आणि तोही अंगाने बारीक असलेल्या माणसाला. थोड्याशा श्रमाने थकवा. "आणि मित्रहो," मी बोट वर करून म्हणाले होते, "हा वारसा फक्त आईकडून येतो. म्हणून आईकडे बघा!"

टाळ्याही मिळाल्या होत्या.

माझी आई चार फूट दहा इंच. तिला एक्केचाळिसाव्या वर्षापासून ऐकू कमी येतं. अंगावर मूठभर मांस नाही आणि साखर आहे. दुपारी चार वाजताही दिवाणावर आडवी असते. सहा वर्षं मी जगभरच्या रुग्णांचे अहवाल वाचत होते, आणि सुट्टीत कऱ्हाडला जाऊन याच बाईला झापत होते. आई, जरा चाल. आई, गोड कमी कर. आई, किती लोळशील? मागच्या वाढदिवसाला मी तिला चालायचे बूट दिले होते, भारीतले. ती ते घालून कोपऱ्यापर्यंत जायची आणि तिथल्या औषधवाल्याच्या पायरीवर बसून अर्ध्या तासाने परत यायची. हे बाबांनी मला सांगितल्यावर मी तिला फोनवरून स्नायू आणि शिस्त यावर दहा मिनिटं ऐकवलं होतं. सुदैवाने तिला त्यातलं फारसं ऐकू गेलं नसावं.

मी बाकावरूनच तिला फोन लावला.

"आई, माझ्या पेशींमध्ये थोडा बिघाड निघालाय."

"मिशी? अगं मग पार्लरमध्ये जा. त्यात काय एवढं?"

"मिशी नाही, पेशी! पेशी!"

"हो कळलं, ओरडू नकोस. आम्हालाही होती थोडी, लग्नाआधी."

मी म्हटलं, "आई, मी शनिवारी येते."

मंदारला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "पाळण्याच्या रंगाचं भांडण मी हरलो होतो. तेवढं तरी परत भांडता येईल." पुढे आम्ही मुलगी दत्तक घेतली. ती आता आठ वर्षांची आहे आणि जिने तीन-तीन पायऱ्या गाळून चढते. मला डाव्या कानाला यंत्र आहे, रोज दोन गोळ्या आहेत, बाकी बरं चाललंय. खूण मी बदलून घेतली. पेपरही छापून आला. त्यात लेखकांमध्ये मी पहिली आहे आणि रुग्णांमध्ये सहावी. एकाच पेपरात दोन्ही बाजूंनी हजेरी लावल्याचं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही.

पण मला सांगायचंय ते त्या शनिवारचं.

कऱ्हाडला पोचले तेव्हा आई दिवाणावर पडून होती. मला बघून धडपडत उठली. बाबा पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "झोपमोड केलीस तिची. सकाळी दहापासून विश्रांती चालू आहे."

एरवी मी हसले असते. त्या दिवशी म्हणाले, "बाबा, तुम्हीपण ऐका. इकडे बसा."

मी बसमध्ये पूर्ण भाषण तयार केलं होतं. आईला धक्का बसणार. पोरीला आपल्यामुळे आजार झाला म्हणून ती रडणार. मग मी तिचा हात हातात घेणार आणि म्हणणार, यात तुझा काहीही दोष नाही. या वाक्याच्या वेळी आवाज कसा ठेवायचा, तेसुद्धा ठरलं होतं.

मी तिच्या चांगल्या कानाशी बसून, सावकाश सांगू लागले. "आई, आपल्या अंगात कणाकणात बारीक बारीक चुली असतात बघ. त्या जळतात म्हणून आपल्याला ताकद येते. माझ्या काही चुली धड पेटत नाहीत. तुझ्याही पेटत नसणार. म्हणून तुझे कान गेले, साखर आली. म्हणून तुला उठवत नाही."

"लाडवांमुळे नाही?"

"नाही. लाडवांमुळे नाही."

तिने बाबांकडे एकवार पाहिलं. बाबांनी पेपराची घडी घातली.

"आणि या चुली फक्त आईकडून मिळतात," मी म्हणाले. आता आवाज मऊ करायची वेळ आली होती. "मला तुझ्याकडून, तुला आजीकडून."

"वडलांकडून काहीच नाही?"

"यातलं काही नाही."

"यांचं नेहमीचंच," आई म्हणाली.

मी माझ्या तयार वाक्याकडे वळणार, तेवढ्यात तिने विचारलं, "सगळ्या भावंडांना सारख्याच मिळतात?"

"नाही. कुणाच्या वाट्याला बंद चुली थोड्या येतात, कुणाच्या खूप."

"खूप आल्या तर?"

इथे माझ्यातली व्याख्याती जागी झाली. "तर मग लहानपणापासूनच त्रास. वाढ खुंटते. चाललं की दम लागतो, पाय भरून येतात. पुढे उलट्या, डोकेदुखी, फिट्स—"

"एक बाजू लुळी पडते?"

"हो. पडू शकते."

"आणि मग पुन्हा जरा बरी होते. आणि पुन्हा पडते."

"तुला कसं माहीत?"

आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "अरू."

अरूमामा माझ्या जन्माआधी गेला. माझ्या आजोळी, बार्शीला, अण्णा आजोबांपासून सगळे त्याच्याबद्दल दोनच गोष्टी सांगायचे: दिसायला देखणा होता आणि कामाला चुकार होता. मलाही तेवढंच माहीत होतं. "अभ्यास कर, नाहीतर अरूमामा होशील," हे मी लहानपणी शंभरदा ऐकलं होतं.

"आपलं भांड्यांचं दुकान," आई म्हणाली. तिचा आवाज नेहमी मोठा असतो, आता अगदी खाली आला होता. "अण्णा त्याला माळ्यावरून हंडे उतरवायला लावायचे. दोन उतरवले की तो पायरीवर बसायचा. अण्णा म्हणायचे, बसलास का राजा? आणि तागडीच्या दोरीने मारायचे. गिऱ्हाइकांसमोर. मी दुपारचा डबा घेऊन जायची ना, तेव्हा मला म्हणायचा, शकू, पाय माझं ऐकतच नाहीत गं. मी म्हणायची, नाटकं पुरेत, ऊठ."

बाबा उठून आत गेले. भांड्यांचा आवाज आला, बहुतेक चहाचं आधण ठेवत होते. आमच्या घरात ही घटना नवीन होती.

"एकविसाव्या वर्षी गेला," आई म्हणाली. "जाताना कुणी जवळ नव्हतं. सगळ्यांना वाटलं, पडून राहिलाय नेहमीसारखा."

माझं वाक्य, दोष नसल्याचं, घशातच राहिलं. ते कुणासाठी वापरायचं तेच मला समजेना.

"नानाला फोन लाव," आई एकदम म्हणाली.

नानामामा म्हणजे तिचे थोरले भाऊ. सत्तरी ओलांडलेले, बार्शीतच. मी फोन लावून तिच्या हातात दिला. ती नेहमी आवाज पूर्ण वाढवून बोलते, त्यामुळे पलीकडचं सगळं खोलीभर ऐकू येतं.

"नाना, शकू बोलतेय. अरू आळशी नव्हता!"

"कोण आलंय?"

कानांचा हा वारसा त्यांच्याकडेही होता, हे माझ्या तोवर लक्षातच आलं नव्हतं.

"आलं नाही कुणी! अरू! आपला अरू! आळशी नव्हता तो, आजारी होता! हेमा सांगतेय! तिचं शिक्षणच आहे ते!"

समोरच्या घरातल्या बाई खिडकीत आल्या. आईने त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. ती दिवाणावर सरळ ताठ बसली होती, एका हातात फोन आणि दुसऱ्या हाताने हवेत प्रत्येक शब्द ठोकत होती.

"त्याला जमतच नव्हतं, नाना! त्याच्या अंगात जोरच नव्हता! तो खरं सांगत होता!"

मग नानामामांचा आवाज आला, आणि तो म्हाताऱ्या माणसाचा वाटला नाही.

"मीपण मारलंय गं त्याला," ते म्हणाले. "अण्णा सांगायचे म्हणून. दोनदा."

आईने डोळे मिटले. मग काहीतरी बोलली, पण इतकं हळू, की शेजारी बसून मलाही ते ओठांवरूनच कळलं.

"काय म्हणालीस?" नानामामा ओरडले. "शकू? ऐकू येत नाही!"

तिने पुन्हा बोलायचा प्रयत्न केला, पण आवाज फुटेना. मग तिने फोन माझ्या हातात दिला. "तू सांग त्याला."

आणि मी, त्या आजारावर चार देशांत भाषणं करून आलेली, बेंबीच्या देठापासून ओरडले:

"नानामामा, आई म्हणतेय, असू दे! असू दे म्हणतेय!"